पहिली हाक

४ मार्च २०२२ रोजी सिकंदराबाद विभागातल्या गुल्लागुडा आणि चिटगिड्डा या दोन स्थानकांच्या दरम्यान एकाच रुळावर दोन गाड्या समोरासमोर सोडल्या होत्या. एकीत रेल्वेमंत्री अश्विनी वैष्णव होते, दुसरीत रेल्वे बोर्डाचे अध्यक्ष. 'कवच' या स्वदेशी यंत्रणेने इंजिनाला आपोआप ब्रेक लावला आणि समोरच्या गाडीपासून ३८० मीटर अलीकडे ते उभे राहिले. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत ब्रेकची बातमी होती आणि ते साहजिकच होते. पण ब्रेक ही त्या घटनेची शेवटची पायरी. त्याआधी इंजिन आणि स्टेशन यांच्यात रेडिओवरून बोलणे झालेले असते, आणि त्या बोलण्याच्याही आधी इंजिनाने स्टेशनला एक पहिली हाक मारलेली असते: मी अमुक इंजिन, तुमच्या हद्दीत आलो आहे, मला बोलायला जागा द्या. या हाकेला ओ मिळाली तरच पुढचे सगळे. आज मला बोलायचे आहे ते या हाकेविषयी, आणि ती ऐकू येण्यासाठी यंत्राला स्वतःचे बोलणे चालू असतानाही ऐकता यायला हवे, या गोष्टीविषयी.

हैदराबाद-मराठवाड्यातल्या आपल्यासारख्यांपासून हा विषय दूरचा नाही. कवचच्या चाचण्या झाल्या त्या लिंगमपल्ली, विकाराबाद, वाडी आणि बिदर या पट्ट्यात. प्रवासी गाड्यांवरची पहिली चाचणी फेब्रुवारी २०१६ मध्ये सुरू झाली. यंत्रे बनवण्याची मान्यता सुरुवातीला ज्या तीन कंपन्यांना मिळाली त्या मेधा, एचबीएल आणि कर्नेक्स या तिन्ही हैदराबादच्या. दक्षिण मध्य रेल्वेवर सुरुवातीला १,४६५ किलोमीटर मार्ग कवचखाली आला. त्यातला ९५९ किलोमीटरचा सर्वांत लांब टप्पा नगरसोलपासून मुदखेड, सिकंदराबाद, धोन असा गुंतकलपर्यंत जातो आणि २४१ किलोमीटरचा दुसरा टप्पा बिदरहून परळी वैजनाथमार्गे परभणीला पोचतो. म्हणजे औरंगाबाद, जालना, परभणी, नांदेड या जुन्या निजामी रेल्वेच्या वाटेवर ही यंत्रणा देशात फार लवकर आली. मराठवाड्यातून हैदराबादला येणाऱ्या कितीतरी कुटुंबांचा प्रवास या हाकेच्या भरवशावर चालतो, आणि तिचे नावही त्यांच्या कानावर आलेले नसते.

अडचण काय आहे ते आधी नीट मांडतो. हवा एकच आहे आणि बोलणारे अनेक. सगळ्यांची नावे आधीपासून ठाऊक असतील तर प्रत्येकाला पाळी नेमून देता येते: तू पहिल्या क्षणी बोल, तू दुसऱ्या. कवचमध्येही ओळख पटलेल्या इंजिनांना अशीच पाळी आणि वारंवारता मिळते. पण पाळी द्यायची तर समोरचा आला आहे हे आधी कळायला हवे, आणि त्याने ते कळवायचे तर पाळी नसताना बोलायला हवे. यातून सुटका नाही. जगातल्या प्रत्येक बिनतारी व्यवस्थेत कुठेतरी एक दार असे ठेवावेच लागते जिथे आगंतुक न विचारता ठोठावतो आणि त्याच क्षणी दुसरा कुणी ठोठावत नसेल अशी आशा धरतो. अभियंते याला रँडम ॲक्सेस म्हणतात. 'यादृच्छिक प्रवेश' असा पारिभाषिक शब्द आहे खरा, पण तो ऐकून कुणाच्या डोळ्यांसमोर काही उभे राहत नाही. मी हाक आणि ओ हेच शब्द वापरणार आहे.

या हाकेचे पहिले गणित हवाई बेटांवर झाले. नॉर्मन अब्रॅमसन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हवाई विद्यापीठात उभारलेले अलोहानेट जून १९७१ मध्ये सुरू झाले. नियम साधा होता: बोलायचे असेल तेव्हा बोला, ओ आली नाही तर टक्कर झाली असे समजा, थोडे थांबा, किती थांबायचे ते चिठ्ठी टाकून ठरवा आणि पुन्हा बोला. या मोकळिकीची किंमत अब्रॅमसन यांनी काढली. वाहिनीचा जास्तीत जास्त १८.४ टक्के वेळ सत्कारणी लागतो, बाकीचा शांततेत किंवा टकरीत जातो. पुढच्याच वर्षी लॉरेन्स रॉबर्ट्स यांनी वेळेचे समान तुकडे पाडून तुकड्याच्या आरंभीच बोलायचे असा नियम सुचवला आणि ही मर्यादा दुप्पट होऊन ३६.८ टक्क्यांवर आली. हा आकडा ध्यानात ठेवावा, पुढे लागणार आहे. अलोहानेटमधली आणखी एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्याचे केंद्र ४१३.४७५ मेगाहर्ट्झवर बोलत असे आणि ४०७.३५० मेगाहर्ट्झवर ऐकत असे. बोलण्याची वाट वेगळी, ऐकण्याची वेगळी. त्यामुळे केंद्र बोलत असतानाही हाक ऐकू शकत होते. कवचचा रेडिओ ४०६ ते ४७० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात चालतो. म्हणजे पन्नास वर्षांनंतर विकाराबादच्या रुळावरची हाक जवळपास त्याच लहरींवरून जाते आहे.

आता खिशातल्या फोनकडे येऊ. फोन जागा होतो, टॉवरचे बोलणे ऐकतो, दार कुठे आणि कधी उघडते हे त्यातून समजून घेतो आणि हाक मारतो. या हाकेत नाव नसते, शब्दही नसतात. ती आकड्यांची एक ठरावीक मालिका असते, एखाद्या सुरावटीसारखी. चौथ्या पिढीच्या जाळ्यात ती ८३९ आकड्यांची असते आणि एका टॉवरखाली अशा ६४ सुरावटी असतात. फोन त्यांतली एक चिठ्ठी टाकल्यासारखी निवडतो. झॅडॉफ आणि चू यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मालिकांचा गुण असा की मालिका स्वतःशी अचूक जुळवली तर मोठा आकडा येतो आणि जराही सरकवून जुळवली तर शून्य येते. म्हणून टॉवरला हाक तर कळतेच, शिवाय ती किती उशिरा पोचली त्यावरून फोन किती लांब आहे हेही कळते. तीन किलोमीटरवरच्या फोनची हाक जाऊन-येऊन वीस मायक्रोसेकंद मागे पडते. मग टॉवर ओ देतो: ज्याने ही सुरावट वाजवली त्याने इतक्या मायक्रोसेकंदांनी लवकर बोलावे, अमुक जागी आपले नाव सांगावे. फोन नाव सांगतो. टॉवर ते नाव परत उच्चारतो. आपलेच नाव ऐकू आले की फोन आत आला. या चार पायऱ्या सुरळीत झाल्या तर काही मिलिसेकंदांचे काम असते.

पण दोन फोनांनी एकाच क्षणी तीच सुरावट निवडली तर? बहुतेक वेळा टॉवरला ते कळतच नाही. तो एकच ओ देतो, दोघेही ती आपलीच समजतात, दोघेही एकाच जागी आपापले नाव सांगू लागतात आणि दोघांचा आवाज एकमेकांत मिसळतो. चूक उमगते ती शेवटच्या पायरीवर, तोवरचा सगळा खटाटोप वाया. आणि हे क्वचित घडत नाही. दहाच फोनांनी एकाच क्षणी हाक मारली तर ६४ सुरावटी असूनही त्यांतल्या कुणा दोघांची निवड एक होण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त, सुमारे ५२ टक्के असते. शंभर फोनांनी मारली तर त्यांतल्या कोणत्याही एकाच्या वाट्याला टक्कर येण्याची शक्यता ७९ टक्के होते. गणेश विसर्जनाच्या दिवशी हुसेनसागरच्या काठावर किंवा आषाढीला पंढरपुरात फोनवर सिग्नलच्या सगळ्या दांड्या दिसतात आणि तरीही फोन लागत नाही, त्यामागे हे एक मोठे कारण असते. त्या दांड्या टॉवरचा आवाज तुमच्यापर्यंत किती येतो हे सांगतात. तुमचा आवाज टॉवरपर्यंत पोचतो का, हे त्या सांगत नाहीत. टॉवर वीस-चाळीस वॅटने बोलतो, फोन फार तर ०.२ वॅटने. ऐकवणे आणि ऐकून घेणे यांत इतकी विषमता आहे.

गर्दी माणसांचीच असते असेही नाही. चौथ्या पिढीचे नियम आखणाऱ्या थ्रीजीपीपी या जागतिक संघटनेने यंत्रांच्या गर्दीचा विचार करताना एक प्रसंग कल्पिला होता: एका टॉवरखालची ३०,००० उपकरणे दहा सेकंदांत जागी होतात. गेलेली वीज परत आल्यावर विजेचे स्मार्ट मीटर असेच एकदम जागे होतील. त्याच अभ्यासातल्या मांडणीप्रमाणे दार दर पाच मिलिसेकंदांनी उघडते आणि ५४ सुरावटी आगंतुकांसाठी मोकळ्या असतात. म्हणजे सेकंदाला १०,८०० संधी. दहा सेकंदांना १,०८,००० संधी आणि हाका ३०,०००. वरवर पाहता हे भागण्यासारखे वाटते. पण चिठ्ठी टाकून निवडायचे म्हटले की अलोहाचे ३६.८ टक्के आडवे येतात, आणि सेकंदाला १०,८०० पैकी जेमतेम ४,००० हाका कामी येतात. त्या प्रसंगात गर्दीच्या शिखरावर मात्र सेकंदाला ६,००० हून जास्त नव्या हाका येतात. त्यात आधी फसलेल्यांच्या पुन्हा मारलेल्या हाका मिळतात आणि दार तुंबते. टॉवर बंद पडलेला नसतो, लहरीही रिकाम्या असतात, पण आत कुणाला येताच येत नाही.

इथे फुल-ड्युप्लेक्स या संकल्पनेकडे वळतो. एकाच वारंवारतेवर, एकाच क्षणी बोलणे आणि ऐकणे असा तिचा खरा अर्थ. दोन वेगळ्या वारंवारता वापरून हे कधीपासूनच होते. अलोहानेटने केले, कवच करते. एकाच वारंवारतेवर ते अशक्य मानले जाई, कारण आपलाच आवाज आपल्या कानाशी सर्वांत मोठा असतो. चाळीस वॅटने बोलणाऱ्या टॉवरच्या कानाशी दूरच्या फोनचा आवाज त्याच्या स्वतःच्या आवाजाच्या कोटी कोटी पटीने, म्हणजे एकावर चौदा शून्ये इतक्या पटीने लहान असू शकतो. तरी एक गोष्ट आपल्या बाजूची आहे: आपण काय बोलतो आहोत हे आपल्याला नेमके ठाऊक असते. ज्याचे सारे तपशील ठाऊक आहेत ते वजा करता येते. बोलणारा आणि ऐकणारा अँटेना एकमेकांपासून दूर ठेवून काही वजाबाकी होते, बोलल्या जाणाऱ्या संदेशाची प्रत तारांतून उलटी फिरवून आणखी काही होते आणि उरलेली आकडेमोडीने होते. स्टॅनफर्ड विद्यापीठात २०१० मध्ये याचे पहिले ठळक प्रात्यक्षिक झाले. कानपूरच्या आयआयटीतून तिथे गेलेले दिनेश भराडिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये ११० डेसिबल, म्हणजे दहा हजार कोटी पट, वजाबाकी करून दाखवली. एवढी वजाबाकी झाली की वाय-फायच्या यंत्राला आपला आवाज जवळपास ऐकूच येईनासा होतो.

तेव्हापासून या तंत्राची ओळख 'वेग दुप्पट करणारे तंत्र' अशी करून दिली जाते. ही ओळख चुकीची नाही, पण तिने या तंत्राचे नुकसान केले आहे असे माझे मत आहे. स्टॅनफर्डच्या प्रयोगात वाढ १.८७ पट आली, ती दोन्ही बाजूंना सारखेच बोलायचे होते म्हणून. आपल्या फोनचे तसे नसते. आपण दहा भाग उतरवून घेतो तेव्हा एखादा भाग वर पाठवतो. पाळीपाळीने बोलायचे तर अकरा भागांना अकरा घटका लागतात. एकदम बोलता आले तर दहा. म्हणजे लाभ दहा टक्क्यांचा. त्यासाठी महागडी वजाबाकी कोण करील? दुप्पट वेगाचे वचन जाळ्यात उतरताना फसते आणि मग सगळे तंत्रच निरुपयोगी ठरवले जाते. माझे म्हणणे असे की बोलता बोलता ऐकता येण्याचे खरे मोल वेगात नाही, दारात आहे. वेग वाढवण्याचे इतर अनेक मार्ग आहेत. वारंवारता एकच असेल तर दाराशी ताटकळणाऱ्याची हाक त्या क्षणी ऐकण्याला दुसरा मार्ग नाही.

पाचव्या पिढीत हा प्रश्न आणखी तीव्र झाला, कारण ती बऱ्याच ठिकाणी एकाच वारंवारतेवर पाळीपाळीने बोलते आणि ऐकते. भारतात २०२२ च्या लहरींच्या लिलावात विकल्या गेलेल्या ३.३ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात असेच आहे. वेळेचे अर्ध्या मिलिसेकंदाचे तुकडे पडतात, आणि नेहमीच्या मांडणीत अशा पाच तुकड्यांपैकी साधारण एक ऐकण्यासाठी असतो. उरलेल्या वेळी टॉवर बोलतो, म्हणजे बहिरा असतो. दूरच्या गावातल्या फोनला ही गोष्ट सर्वांत जास्त जाचते. त्याचा आवाज क्षीण, म्हणून त्याने तीच हाक पुन्हा पुन्हा मारायची आणि टॉवरने त्या साऱ्या एकत्र जुळवून ऐकायच्या, अशी सोय थ्रीजीपीपीच्या अठराव्या आवृत्तीत झाली. पण पाचात एकदाच कान उघडत असेल तर या पुनरावृत्तीला पाचपट वेळ लागतो. त्याच अठराव्या आवृत्तीत पट्ट्याचा मधला भाग सतत ऐकण्यासाठी ठेवायचा आणि दोन्ही कडांवर बोलत राहायचे, या बेताचा अभ्यास झाला. एकोणिसाव्या आवृत्तीत त्याचे नियम झाले, आणि या मधल्या भागात रँडम ॲक्सेस कसा करायचा हेही त्यात आले. हा पुरता फुल-ड्युप्लेक्स नव्हे, अर्धी वाट आहे. फोन पूर्वीसारखाच साधा राहतो, अवघड काम टॉवर करतो. मला ही वाट शहाणपणाची वाटते, कारण खर्च ज्याच्याकडे पैसा आणि वीज आहे त्याच्यावर पडतो आणि लाभ क्षीण आवाजाच्या फोनला होतो.

यावर सर्वांत भक्कम आक्षेप आहे तो शेजाऱ्याचा. माझा आवाज मी वजा करू शकतो कारण तो मला ठाऊक आहे. पण शेजारच्या टॉवरवरून येणारा आवाज मी कसा वजा करू? मी ऐकायला कान उघडतो आणि नेमका त्याच क्षणी शेजारी वीस वॅटने बोलत असतो. याच कारणाने आज एका भागातले टॉवर एकाच घड्याळावर, एकदम बोलतात आणि एकदम गप्प होतात. आक्षेप खरा आहे, आणि साध्या संभाषणापुरता तो निर्णायकही ठरू शकतो. पण हाक म्हणजे साधे संभाषण नव्हे. तिच्यातून वाक्य समजून घ्यायचे नसते. एक ठाऊक असलेली सुरावट वाजली की नाही एवढेच ओळखायचे असते. ८३९ आकड्यांची मालिका जुळवताना तिचे सगळे आकडे एकाच दिशेने जमा होतात आणि आवाजाचा गोंगाट मात्र एकमेकांना छेदत जातो. त्यामुळे हाक गोंगाटाच्या तुलनेत आठशे पटीहून अधिक, म्हणजे सुमारे २९ डेसिबल, उठून दिसते. पाचव्या पिढीच्या या पट्ट्यात वापरायच्या आखूड, १३९ आकड्यांच्या मालिकेतही २१ डेसिबल मिळतात. जत्रेच्या कोलाहलात कुणाचे बोलणे कळत नाही, तरी आपल्या नावाची हाक कानावर येते, तसेच हे. वजाबाकी अपुरी राहिली आणि शेजाऱ्याचा गोंगाट उरला तरी दार चालू राहील. म्हणजे फुल-ड्युप्लेक्सचा सर्वांत कच्चा भाग आणि हाकेचा सर्वांत पक्का भाग एकमेकांना पूरक आहेत. दुप्पट वेगासाठी वजाबाकी जवळजवळ निर्दोष हवी. दारासाठी बरीशी पुरते. या तंत्राला दारापासून सुरुवात करू द्यावी असे मी म्हणतो त्याचे मुख्य कारण हे आहे.

दुसरा आक्षेप असा की गर्दी आवरण्याचे उपाय आधीपासून आहेत. टॉवर सगळ्यांना सांगू शकतो की तूर्त हाक मारू नका. फोन ० ते ९ अशा गटांत वाटलेले असतात आणि त्यांतल्या काहींना थोपवता येते. आणीबाणीच्या हाकेला आणि ११ ते १५ या विशेष गटांना मोकळीक ठेवता येते. हे उपाय उपयोगी आहेत, आणि त्यांच्याशिवाय विसर्जनाचा दिवस निभणार नाही. पण ते गर्दी ओसरेपर्यंत माणसांना बाहेर उभे करतात, दार रुंद करत नाहीत. शिवाय थोपवण्याचा निर्णय घ्यायला टॉवरला गर्दी झाली आहे हे कळायला हवे, आणि पाचात एकदाच ऐकणाऱ्याला ते उशिरा कळते. सतत ऐकणारा टॉवर एकाच सुरावटीवर दोन आवाज मिसळू लागल्याचा वास लवकर घेऊ शकतो आणि लगेच सांगू शकतो: थांबा, पुन्हा चिठ्ठी टाका. हा विचार जुना आहे. तारेवर बोलता बोलता टक्कर ओळखून गप्प होण्याची युक्ती १९७३ पासून रॉबर्ट मेटकाफ यांच्या इथरनेटने वापरली. हवेत एकमेकांना न दिसणाऱ्या दोघांची टक्कर टाळायला केंद्राने 'मी ऐकतो आहे' असा सूर वाजवत राहावे, हे फौआद तोबागी आणि लेनर्ड क्लाइनरॉक यांनी १९७५ मध्ये मांडले. पण त्यांना त्या सुरासाठी वेगळी वारंवारता लागत होती. ती वेगळी वारंवारता खर्ची न घालता तेच काम करणे आता आवाक्यात आले आहे.

तिसरा आक्षेप आपल्याच भागातून येतो आणि मला तो सर्वांत विचार करण्याजोगा वाटतो. कवच दोन वारंवारता वापरून व्यवस्थित चालते. रेल्वेला २०२१ मध्ये ७०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात पाच मेगाहर्ट्झ मिळाले, तेही जोडीने, बोलायला वेगळे आणि ऐकायला वेगळे. मग एका वारंवारतेच्या कसरतीची गरजच काय? इथे मी माघार घेतो. जिथे माणसांचा जीव एका हाकेवर आहे आणि जोडीच्या लहरी उपलब्ध आहेत, तिथे जुनी, कसोटीला उतरलेली रीतच वापरावी. ताशी १३० किलोमीटर वेगाने धावणारी गाडी एका सेकंदात ३६ मीटर पुढे जाते. अशा जागी अपुऱ्या वजाबाकीचा प्रयोग करणे गैर आहे. पण कवचचा दाखला माझ्या मुख्य म्हणण्याला बळच देतो. कवचमध्ये जोडीच्या लहरींचे मोल वेगात नाही. आपण बोलत असतानाही समोरच्याची हाक चुकत नाही, यात ते आहे. जोडीच्या लहरी सगळ्यांना मिळत नाहीत. नव्या, उंच पट्ट्यांत त्या बहुधा जोडीने मिळतच नाहीत. तिथे शेतातल्या मीटरची, रुग्णवाहिकेतल्या यंत्राची, गावाच्या कडेवरच्या फोनची हाक ऐकायची तर एकाच वारंवारतेवर बोलता बोलता ऐकायला शिकावे लागेल.

आणि हे शिकण्याची जागा हैदराबाद आहे असे म्हणण्याला आधार आहे. कंदी इथल्या आयआयटी हैदराबादमध्ये किरण कुची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पाचव्या पिढीत ग्रामीण भारताची गरज मांडली. आपल्याकडे फायबर ग्रामपंचायतीपर्यंत येतो आणि भोवतालची वाडी-वस्ती काही किलोमीटरवर पसरलेली असते. म्हणून टॉवर एकमेकांपासून सहा किलोमीटरवर असतानाही सेवा मिळाली पाहिजे, अशी कसोटी भारताने आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाकडे मांडली आणि ती मान्य झाली. अडचण फोनचा क्षीण आवाज टॉवरपर्यंत पोचवण्याची होती, आणि उपायही त्याच बाजूने शोधला गेला: फोनची वीज पुरेपूर वापरणारी लहर. तिच्या आधारावरचे भारतीय मानक २०२० मध्ये संघाने मान्य केले आणि नंतर ते जागतिक मानकात मिसळले. आयआयटी हैदराबादच्या आणि वायसिग, सायंट या कंपन्यांच्या प्रयत्नांतून २०२१ मध्ये 'कोआला' ही मीटरसारख्या साध्या उपकरणांसाठीची चिप पुढे आली. क्षीण आवाजाची बाजू घेण्याचा हा वारसा आहे. फुल-ड्युप्लेक्सवरचे काम त्याच्याशी जोडले जावे, असे मला कळकळीने वाटते. प्रयोगशाळेत वेग दुप्पट झाला की बातमी होते; सहा किलोमीटरच्या मांडणीत कडेवरच्या फोनची हाक एकऐवजी पाच तुकड्यांत ऐकली गेली तर बातमी होत नाही. तरी दुसऱ्या कामाचे मोल मी जास्त मानतो.

खर्चाचा मुद्दा उरतो. वजाबाकी करणाऱ्या टॉवरला जास्त अँटेना, जास्त आकडेमोड आणि जास्त वीज लागते, आणि विजेचे बिल हा टॉवर चालवणाऱ्याचा मोठा खर्च असतो. म्हणून प्रत्येक टॉवर असा असावा असे माझे म्हणणे नाही. जिथे दार तुंबते तिथे तो असावा, आणि दार कुठे तुंबते हे मोजल्याशिवाय कळत नाही. आज जाळ्याचे मोजमाप बहुधा वेगाच्या आकड्याने होते, इतके मेगाबिट सेकंदाला. त्यासोबत दुसरा आकडाही छापला जावा: पहिली हाक आणि पहिली ओ यांच्यात किती वेळ गेला, आणि तोही सरासरी नव्हे, सर्वांत मागे राहिलेल्या शंभरातल्या पाचांचा. परभणी जिल्ह्यातल्या एखाद्या गावात रात्री वीज गेली आणि पहाटे परत आली, तर गावाच्या टोकाच्या मीटरला कितव्या हाकेला ओ मिळाली, हे टॉवरच्या नोंदीत आजही असू शकते. ते बाहेर आणायला नवे यंत्र लागत नाही.